ओळखपत्र आणि विमानप्रवास : अमेरिकेची संयुक्त संस्थाने

विमानतळावरील सुरक्षा नाक्यावर शासनमान्य ओळखपत्र दाखवून आपण तिकिटावर नाव असलेली व्यक्तीच आहोत, हे प्रवाशाने सिद्ध करण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत सार्वत्रिक असली, तरी देशांतर्गत विमानप्रवासासाठी ओळखपत्र कायद्याने अनिवार्य आहे काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर कोणत्याही एका अधिनियमात सापडत नाही. प्रवाशाची झडती आणि त्याच्या ओळखीची तपासणी या दोन गोष्टी एकाच रांगेत, एकामागून एक होत असल्यामुळे त्या एकाच कायद्याची दोन अंगे असाव्यात, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुतः त्यांचा इतिहास भिन्न आहे. झडतीचा नियम जाहीर रीतीने अंमलात आला, विधिमंडळाने त्यास मान्यता दिली आणि न्यायालयांनी त्याच्या मर्यादा आखून दिल्या. ओळखीची मागणी मात्र प्रशासनाच्या अप्रकाशित आदेशांतून आली आणि कित्येक वर्षे त्या आदेशांचा मजकूर नागरिकांना वाचावयास मिळाला नाही. परदेशी जाणाऱ्या प्रवाशास पारपत्र लागतेच. त्याचा विचार येथे केलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमानप्रवास सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला, तेव्हा विमानाचे तिकीट आगगाडीच्या तिकिटाहून फारसे वेगळे नव्हते. प्रवासी सांगेल ते नाव तिकिटावर लिहिले जाई. १ मे १९६१ रोजी फ्लॉरिडातील मॅरेथॉनहून की वेस्टकडे निघालेले एक लहान प्रवासी विमान शस्त्राचा धाक दाखवून क्यूबाला नेण्यात आले. अमेरिकन विमानाच्या क्यूबाकडे झालेल्या अपहरणांपैकी हे पहिले मानतात. अपहरणकर्त्याने तिकिटासाठी दिलेल्या नावात कोफ्रेसी हे एकोणिसाव्या शतकातील प्वेर्त रीकोच्या प्रसिद्ध समुद्री चाच्याचे नाव होते आणि त्यापुढे ‘चाचा’ या अर्थाचा स्पॅनिश शब्दही जोडलेला होता. तरीही तिकीट मिळण्यास अडचण आली नाही. दहा वर्षांनंतर, २४ नोव्हेंबर १९७१ रोजी, पोर्टलंडहून सीॲटलकडे जाणाऱ्या विमानातील ‘डॅन कूपर’ नावाच्या प्रवाशाने २ लाख डॉलर खंडणी घेऊन हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी मारली. वृत्तपत्रांच्या चुकीमुळे तो डी. बी. कूपर या नावाने प्रसिद्धीस आला. परंतु त्याचे खरे नाव अद्यापि उघडकीस आलेले नाही.

या दोन्ही घटनांवरून प्रवाशांची नावे पडताळून पाहावीत, असा निष्कर्ष त्या काळी काढता आला असता. तो काढला गेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अपहरणकर्त्याचे नाव काय, यापेक्षा त्याच्यापाशी शस्त्र आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा मानला गेला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फेडरल विमान वाहतूक प्रशासनाने संशयितांच्या वर्तनलक्षणांचा एक आराखडा तयार केला. त्यात बसणाऱ्या मोजक्या प्रवाशांनाच धातुशोधकातून जावे लागे व त्यांच्याकडे ओळखीचा पुरावा मागितला जाई. इतर प्रवासी थेट विमानात चढत. १० नोव्हेंबर १९७२ रोजी अपहृत झालेल्या एका विमानातील तिघा अपहरणकर्त्यांनी ते टेनेसी राज्यातील ओक रिज येथील अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली, तेव्हा निवडक तपासणीची मर्यादा स्पष्ट झाली. त्यानंतर महिन्याच्या आतच आदेश निघाला आणि ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सुरू झाली. १९७४ च्या हवाई वाहतूक सुरक्षा अधिनियमाने तिला वैधानिक आधार दिला. झडतीस संमती न देणाऱ्या प्रवाशास विमान कंपनीने नेता कामा नये, असे हा कायदा स्पष्टपणे सांगतो. ओळखपत्राविषयी अशी तरतूद त्यात नव्हती.

अमेरिकेच्या संविधानाची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून नागरिकास संरक्षण देते. मग कोणताही संशय नसताना लक्षावधी प्रवाशांची झडती कशी घेता येईल? संयुक्त संस्थाने विरुद्ध डेव्हिस (१९७३) या खटल्यात नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने यास उत्तर दिले. ही झडती गुन्ह्याचा पुरावा शोधण्यासाठी नसून शस्त्र वा स्फोटक विमानात जाऊ नये यासाठी आहे. म्हणून ती ‘प्रशासकीय झडती’ होय. ती या हेतूस आवश्यक तेवढीच असावी आणि विमानाने न जाण्याचे ठरवून ती टाळण्याची मुभा प्रवाशास असावी, या मर्यादा न्यायालयाने घातल्या. पुढील सर्व युक्तिवाद या निर्णयाभोवती फिरतात. शस्त्र आणि झडती यांचा संबंध उघड आहे. परंतु नावाने विमान उडवून देता येत नाही. तेव्हा नाव विचारणे हे या प्रशासकीय हेतूत बसते काय, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

विमानतळाबाहेरचा कायदा याबाबतीत नागरिकास बराच अनुकूल होता. रस्त्याने जाणाऱ्यास पोलिसांनी अडविल्यास त्याने ‘विश्वसनीय’ ओळख दिलीच पाहिजे, असे म्हणणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने कोलेंडर विरुद्ध लॉसन (१९८३) या खटल्यात संदिग्धतेमुळे रद्द केला. हायबेल खटल्यात (२००४) नेव्हाडाचा कायदा वैध ठरला. परंतु तेथेही गुन्ह्याचा वाजवी संशय असेल तरच आणि केवळ नाव सांगण्यापुरतीच सक्ती मान्य झाली. ओळखीचा दस्तऐवज सतत जवळ बाळगण्याचे बंधन अमेरिकन नागरिकावर नाही. राष्ट्रीय ओळखपत्राची कल्पनाही त्या देशात नेहमीच अप्रिय राहिली आहे. वाहन चालविण्याचा परवाना हेच तेथे व्यवहारात ओळखपत्राचे काम करते आणि तो राज्ये देतात, संघशासन नव्हे.

विमानप्रवाशांकडे ओळखपत्र मागण्यास सार्वत्रिक रूप आले, ते १९९५-९६ मध्ये. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे ८०० क्रमांकाचे विमान लाँग आयलंडनजीक कोसळून त्यातील सर्व २३० जण मृत्युमुखी पडले. प्रथम घातपाताचा संशय बळावला. उपराष्ट्राध्यक्ष ॲल गोर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला आणि सुरक्षाविषयक आदेशांची कडक अंमलबजावणी सुरू झाली. इंधनाच्या मधल्या टाकीतील बाष्पाचा स्फोट हे अपघाताचे कारण असल्याचा निष्कर्ष २००० मध्ये निघाला; तोपर्यंत ओळखपत्र मागण्याची प्रथा पक्की झाली होती. हे आदेश फेडरल विमान वाहतूक प्रशासनाने विमान कंपन्यांना उद्देशून काढलेले होते, प्रवाशांना उद्देशून नव्हे, आणि ते गोपनीय मानले जात. कंपन्यांनी मात्र ओळखपत्र सक्तीचे असल्याचे फलक लावले. त्यात त्यांचा व्यापारी हितसंबंधही होता, असे टीकाकारांनी दाखवून दिले आहे. आधी स्वस्तात घेतलेले तिकीट वर्तमानपत्रात जाहिरात देऊन दुसऱ्यास विकण्याची पद्धत नावांच्या तपासणीमुळे बंद पडली. सुरक्षेसाठी काढलेल्या आदेशाचा असा लाभ घेणे बेकायदेशीर नव्हते. पण कंपन्यांनी या आदेशाविषयी तक्रार का केली नाही, हे त्यावरून समजते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ओळखीला नवे महत्त्व आले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरच्या अधिनियमाने परिवहन सुरक्षा प्रशासन स्थापन झाले व नाक्यावरील तपासणी खासगी कंत्राटदारांकडून संघशासनाकडे आली. हल्लेखोरांच्या ओळखीसंबंधीची वस्तुस्थिती मात्र दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. एकोणिसांपैकी एक सोडून सर्वांनी अमेरिकेतील कोणते ना कोणते ओळखपत्र मिळविले होते व त्यांपैकी काही फसवणुकीने मिळविलेले होते, असे चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात नमूद केले. ओळखपत्रे अधिक भरवशाची हवीत, असा याचा एक अर्थ. ओळखपत्र असणे हा निरुपद्रवीपणाचा पुरावा नव्हे, असा दुसरा. आयोगाने पहिला अर्थ घेऊन ओळखपत्रांसाठी संघीय मानके ठरविण्याची शिफारस केली.

या प्रश्नाची पहिली सरळ न्यायालयीन परीक्षा जॉन गिलमोर यांनी घडवून आणली. संगणक उद्योगात संपत्ती मिळविलेले गिलमोर हे इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेचे एक संस्थापक होत. ४ जुलै २००२ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते कॅलिफोर्नियातून वॉशिंग्टनकडे जाण्यास निघाले. ओळखीच्या सक्तीविरुद्ध शासनाकडे गाऱ्हाणे मांडणे हाच त्या प्रवासाचा उद्देश होता. ऑकलंड विमानतळावर त्यांना विमानात चढू दिले नाही. त्याच दिवशी सॅन फ्रॅन्सिस्को येथे दुसऱ्या कंपनीकडे गेले असता, ओळखपत्र दाखवा किंवा अधिक कसून झडती द्या, असे दोन पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. दोन्ही नाकारून ते परतले व त्यांनी दावा दाखल केला. सक्तीचा नियम कोठे लिहिला आहे, या त्यांच्या प्रश्नाला एकाही कर्मचाऱ्याकडून उत्तर मिळाले नव्हते.

जिल्हा न्यायालयात शासनाने असा काही आदेश आहे किंवा नाही, हेसुद्धा सांगण्यास नकार दिला. मार्च २००४ मध्ये दावा फेटाळला गेला. अपिलात शासनाने आदेश सादर केला. परंतु तो फक्त न्यायाधीशांनी बंद दालनात वाचावयाचा होता, अपीलकर्त्याने वा त्याच्या वकिलाने नव्हे. २६ जानेवारी २००६ रोजी न्यायमूर्ती रिचर्ड पाएझ यांनी लिहिलेल्या निकालात अपील न्यायालयाने गिलमोर यांचे सर्व मुद्दे अमान्य केले. प्रवासाचा हक्क असला, तरी विशिष्ट वाहनानेच प्रवास करण्याचा हक्क कोणास नाही. ओळखपत्र मागणे म्हणजे व्यक्तीला अटकाव करणे नव्हे. कारण गिलमोर यांना निघून जाण्याची मोकळीक होती व ते निघून गेलेही. नियम मोडल्याबद्दल शिक्षा नसल्यामुळे तो संदिग्ध असल्याची तक्रार टिकत नाही, आणि मजकूर दाखविला नसला तरी तोंडी सूचना दिलेली होती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की आदेश वाचून न्यायालयाने त्याचा आशयच जाहीर केला : प्रवाशाने ओळखपत्र दाखवावे अथवा विशेष झडतीस तयार व्हावे. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्याने हा निकाल अंतिम झाला.

गिलमोर हरले, पण ओळखपत्र अनिवार्य नाही, हे त्यांच्या पराभवातूनच अधिकृतपणे ठरले. आदेशात पर्याय होता, म्हणून तो वैध ठरला. पर्याय नसता तर काय झाले असते, याचे उत्तर निकालात नाही. निकालाचा दुबळा भाग गोपनीयतेविषयीचा आहे. जो नियम पाळावयाचा तो वाचता आला पाहिजे, हे विधिराज्याचे प्राथमिक तत्त्व होय. नियमाची अंमलबजावणी कशी करावी याविषयीच्या सूचना गुप्त ठेवण्यास सबळ कारणे असू शकतात. प्रवाशाने काय करावे, एवढे सांगणारे वाक्य गुप्त ठेवण्याचे कारण मात्र समजणे कठीण आहे. विमानतळावरचे फलक ‘ओळखपत्र दाखविलेच पाहिजे’ असे सांगत होते आणि बंद लखोट्यातील आदेश तसे सांगत नव्हता.

ओळखपत्राशिवाय लोक प्रत्यक्षात प्रवास करीत, याचा पुरावा दुसऱ्याच एका खटल्यात मिळतो. फेब्रुवारी २००३ मध्ये होनोलूलू येथे एका प्रवाशाने ओळखपत्र सादर केले नाही, तेव्हा कर्मचाऱ्याने त्याच्या प्रवेशपत्रावर ‘ओळखपत्र नाही’ एवढे शब्द लिहून त्यास पुढे पाठविले. या शेऱ्यामुळे त्याची दुसऱ्यांदा तपासणी झाली व तीत त्याच्यापाशी अंमली पदार्थ सापडले. २००७ मध्ये याच अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने ही झडती वैध ठरविताना असेही म्हटले, की तपासणीस एकदा आरंभ झाल्यावर प्रवाशास माघार घेता येत नाही. निघून जाण्याच्या ज्या मुभेवर गिलमोर निकाल बऱ्याच अंशी आधारलेला होता, ती दीड वर्षातच याप्रमाणे आकुंचित झाली.

२१ जून २००८ पासून परिवहन सुरक्षा प्रशासनाने धोरण बदलले. ज्याचे ओळखपत्र हरवले वा घरी राहिले, त्याने आपली माहिती देऊन सहकार्य केल्यास प्रवेश मिळेल. जो हेतुपुरस्सर दाखविणार नाही, त्यास मिळणार नाही. म्हणजे एकच झडती दिली तरी विसराळू प्रवासी सुरक्षित आणि तत्त्वासाठी नकार देणारा असुरक्षित, असे ठरले. सुरक्षेच्या दृष्टीने या भेदाचे समर्थन करणे अवघड आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी तिकीट काढतानाच पूर्ण नाव, जन्मतारीख व लिंग कळविणे आवश्यक केले. ही माहिती संशयितांच्या यादीशी पडताळून पाहण्याचे काम विमान कंपन्यांकडून शासनाकडे आले. यादीशी पडताळणीसाठी मागितल्यास ओळखीचा दस्तऐवज न दाखविणाऱ्यास सुरक्षित क्षेत्रात प्रवेश नाही, असे वाक्य यामुळे प्रथमच प्रकाशित नियमांत आले. परंतु त्याच वाक्यात, प्रशासनाने त्या त्या प्रकरणी अन्यथा परवानगी दिली नसेल तर, असा अपवादही आहे. सक्ती व सवलत एकाच वाक्यात बसविणारी ही रचना न्यायालयीन अनुभवातून सुचली असावी.

नोव्हेंबर २००९ मध्ये न्यू मेक्सिकोतील ॲल्बकर्की विमानतळावर ओळखपत्र न दाखविता तपासणीचे चित्रण करणाऱ्या एका प्रवाशास स्थानिक पोलिसांनी पकडले. जानेवारी २०११ मध्ये ज्यूरीने त्यास सर्व आरोपांतून मुक्त केले. त्याने भरलेला नुकसानभरपाईचा दावा मात्र दहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये फेटाळला; कारण अटक समर्थनीय आहे, असे वाटण्यास अधिकाऱ्यांना वाजवी आधार होता, असे न्यायालयाचे मत पडले. ओळखपत्र न दाखविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही.

भारतातील स्थितीशी तुलना केल्यास फरक चटकन ध्यानात येतो. येथे ओळखपत्राची तपासणी झडतीच्याही आधी, विमानतळाच्या इमारतीच्या दारातच होते आणि विमानतळावर तैनात असलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान ती करतात. नागरी विमान सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून पारपत्र, मतदार ओळखपत्र, आधार, वाहन परवाना इ. दहा प्रकारचे पुरावे ग्राह्य असल्याचे जाहीर केले. म्हणजे भारतात सक्ती अधिक. पण नियम कोणालाही वाचता येतो.

अमेरिकेत ओळखपत्रांसंबंधीचा प्रमुख अधिनियम ११ मे २००५ रोजी मंजूर झाला. युद्धखर्च आणि त्सुनामीग्रस्तांना मदत यांसाठीच्या विधेयकास जोडून आलेल्या या अधिनियमावर स्वतंत्र चर्चा जवळजवळ झाली नाही. राज्यांनी दिलेले परवाने संघीय मानकांत बसत नसतील, तर संघशासनाच्या यंत्रणांनी ते विमानप्रवासासह विशिष्ट कामांसाठी स्वीकारू नयेत, असे तो सांगतो. येथे कायद्याच्या भाषेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. कोणते ओळखपत्र स्वीकारावयाचे नाही, हे हा अधिनियम ठरवितो. ओळखपत्र नसलेल्याने विमानात बसू नये, असे त्यात म्हटलेले नाही. राज्यांचा विरोधही तीव्र होता. २००७ च्या जानेवारीत मेन राज्याच्या विधिमंडळाने अंमलबजावणीस नकार देणारा ठराव केला व इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २००८ ची मूळ मुदत पुनःपुन्हा वाढवीत अखेर ७ मे २०२५ रोजी अंमल सुरू झाला. त्या वेळीही गृहसुरक्षा खात्याच्या मंत्र्यांनी विधिमंडळाच्या समितीपुढे सांगितले, की मानकांत न बसणारे ओळखपत्र असणाऱ्यांना अधिक तपासणीनंतर प्रवास करू दिला जाईल. वीस वर्षे ज्या दिवसाचा धाक दाखविला गेला, त्या दिवशी विमानतळांवर फारसे काही घडले नाही.

त्यानंतरची पायरी शुल्काची होती. मानकांत बसणारे ओळखपत्र नसलेल्या प्रवाशाने ४५ डॉलर भरून इतर मार्गाने आपली ओळख पटवून घ्यावी आणि ही सोय दहा दिवसांपुरती असावी, असे परिवहन सुरक्षा प्रशासनाने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अंमलासाठी १ फेब्रुवारी २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. या निमित्ताने १८६८ चा क्रँडल विरुद्ध नेव्हाडा हा जुना खटला आठवतो. आगगाडीने वा टपालगाडीने राज्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे एक डॉलर कर घेण्याचा नेव्हाडाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. राजधानीत जाऊन शासनापुढे आपले म्हणणे मांडण्याचा नागरिकाचा हक्क अशा कराने बाधित होतो, असे त्याचे एक कारण न्यायालयाने दिले होते; गिलमोर यांचा वॉशिंग्टनचा प्रवास याच हक्काच्या आधारे योजलेला होता. अर्थात तो राज्याचा कर होता आणि हे संघशासनाने एका सेवेबद्दल आकारलेले शुल्क आहे. त्यामुळे जुना निर्णय येथे जसाच्या तसा लागू होईल, असे नाही. शुल्क भरणाऱ्याची ओळख पटेलच, अशी हमी प्रशासनाने दिलेली नाही.